मिरजेच्या दर्ग्यातली गाण्याची रात्र, जॅझवेड्या मित्रासोबत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीचा, राहायला विश्रामबागेत. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला जी गाण्याची सभा होते, तिला मी बरीच वर्षं जातो. शाळेपासूनचा एक मित्र बरोबर असतो. तो नोकरीमुळे मुंबईत, आणि कॉलेजपासून जॅझच्या नादाला लागलेला. आम्ही दोघं जातो हे एव्हाना ओळखीत सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळं उरूस जवळ आला की फोन सुरू होतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हटलं, एकदा नीट लिहून ठेवावं.

सांगली-मिरजेत जॅझ क्लब आहे का? नसेल तर जॅझ मधेच कुठून आलं?

क्लब शोधत आलात तर हात हलवत परत जाल. जॅझ आलं ते मित्रामुळं. एका वर्षी तो सुट्टीला आला होता. रात्री जेवण झाल्यावर म्हणाला, "मुंबईत असतो तर आत्ता कुठंतरी जाऊन दोन तास बँड ऐकला असता. इथं काय आहे लेका?" योगायोगानं उरूस चालू होता. मी म्हटलं, "चल की मिरजेला."

मुंबईच्या जॅझला चांगला इतिहास आहे आणि तो मला त्याच्याकडूनच कळला. 1935 साली लिऑन अॅबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्यामागून आणखी वादक आले. त्यांच्याकडून गोव्याच्या पोरांनी हे संगीत उचललं. ती पोरं चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेली होती. हळदोण्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट त्यांच्यातलाच. पुढे हीच मंडळी हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेली. जुन्या गाण्यांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनचे जे तुकडे आपण लहानपणापासून गुणगुणतो, त्यातले कितीतरी या लोकांचे. म्हणजे सांगलीच्या माणसाच्या कानात जॅझ आधीच शिरलेलं असतं. नाव तेवढं माहीत नसतं.

सभा कधी असते?

हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात. उरूस हिजरी पंचांगानं असल्यामुळं इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकते. मागच्या वर्षीची तारीख धरून रजा टाकू नका. स्थानिक पेपरात आठवडाभर आधी बातमी येते. कोण कधी बसणार, सभा किती वाजेपर्यंत चालणार, हे त्या वर्षीच्या पत्रिकेवर बघायचं.

तिकीट किती?

नाही. पास नाही, राखीव खुर्च्या नाहीत. गाणारे-वाजवणारेही बिदागी घेत नाहीत. इथं कार्यक्रम केला असं कोणी म्हणत नाही. "हजेरी लावली" म्हणतात. एरवी मोठ्या नाट्यगृहात ज्यांचं तिकीट काढताना आपण दोनदा विचार करतो, ते लोक इथं सतरंजीवर येऊन बसतात आणि आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं ऐकतात.

मित्राला पहिल्या रात्री सगळ्यात जास्त हेच भिडलं. त्यानं न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊसची गोष्ट सांगितली. 1940 च्या सुमारास वादक आपापल्या नोकरीचं वाजवणं संपवून अपरात्री तिथं जमायचे आणि एकमेकांसाठी वाजवायचे. बीबॉप नावाचा जॅझचा प्रकार अशाच रात्रींतून घडला. "समोर बसलेला माणूस स्वतः वाजवणारा असला की वाजवणाऱ्याची नियत बदलते," तो म्हणाला. मिरजेत पहिल्या ओळीकडं बघा. मान हलवणाऱ्यांत निम्मे लोक स्वतः गाणारे, तबला शिकवणारे, नाहीतर तंबोरे बनवणारे असतात. अशा माणसांपुढं गाताना वेगळंच गावं लागतं.

हे सगळं मिरजेतच का? अब्दुल करीम खाँसाहेबांचा काय संबंध?

सभा त्यांच्या स्मरणार्थच होते. खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, जन्म 1872 चा. त्यांच्या गायकीला किराणा घराणं म्हणतात ते त्या गावावरून. फिरत फिरत ते दक्षिणेत आले आणि मिरजेत स्थिरावले. प्लेगानं गाठलं असताना आपण मीरासाहेबांच्या कृपेनं वाचलो, अशी त्यांची श्रद्धा होती, असं इथं पिढ्यान् पिढ्या सांगतात. तेव्हापासून दर्ग्यात येऊन गाणं ही त्यांची सेवा. आवारात चिंचेच्या झाडाखाली बसून ते गात. सभाही तिथंच व्हायची रीत पडली.

पण मिरज हे गाण्याचं गाव त्यांच्याही आधीपासून होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथं शिकवत. विष्णू दिगंबर पलुस्कर इथंच त्यांच्या हाताखाली तयार झाले. फटाक्यानं डोळे भाजले म्हणून पोराला उपचारासाठी कुरुंदवाडहून मिरजेला आणलं, आणि डोळ्यांऐवजी गाणं हाताशी आलं. खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर, जन्म मिरजेतलाच, 1905 चा. सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचे शिष्य, आणि भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल हे सवाई गंधर्वांचे. म्हणजे आपण ज्या आवाजांवर वाढलो, त्यांतल्या कित्येकांचा धागा या आवारात येऊन पोचतो.

27 ऑक्टोबर 1937 ला खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून सिंगापेरुमल कोइल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हणत म्हणत ते गेले. त्यांना मिरजेला आणलं. मजार दर्ग्याच्या आवारातच आहे. सभेला बसायच्या आधी तिथं दोन मिनिटं उभे राहा. आम्ही राहतो. मग मांडवात जातो.

माझा मित्र फक्त जॅझ ऐकतो. त्याला कळेल का?

कळेल, आणि कदाचित शेजारी बसलेल्या नेहमीच्या श्रोत्याला न दिसणारं काही दिसेल. पण त्याला आधी एक गोष्ट सांगून ठेवा. जॅझमध्ये खालची जमीन सारखी सरकत असते, कारण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बदलत राहतात. वाजवणारा त्या बदलत्या जमिनीवरून चालतो. आपल्याकडं जमीन हलत नाही. तंबोरा गाणं संपेपर्यंत तोच सूर धरून असतो, आणि जे काही घडायचं ते त्या एका सुराशी असलेल्या नात्यातून घडतं. हे एकदा ध्यानात आलं की "पुढं काही होतच नाही" ही तक्रार संपते.

बाकी ओळखीच्या खुणा भरपूर. ठरलेली बंदिश थोडी, आयत्या वेळचं जास्त. तबलजी आणि गवई एकमेकांकडं बघून जी देवाणघेवाण करतात, तिला जॅझवाले चार-चार बारांची अदलाबदल म्हणतात (बार म्हणजे मात्रांचा छोटा गट, बहुधा चारांचा). आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आलं की सगळ्यांची मान एकदम खाली जाते. मित्राला ती सम तिसऱ्या-चौथ्या आवर्तनात सापडली. त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली ती बरोबर समेवर. त्याला विलंबित (संथ) एकताल म्हणजे बारा मात्रा असं सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "ब्लूजचे बारा बार!" ब्लूज म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेली कृष्णवर्णीय अमेरिकनांची गाणी. आकडा सारखा, बाकी काही सारखं नाही. किराण्याच्या विलंबितात एक आवर्तन पाऊण मिनिटाचं असू शकतं, कधी त्याहूनही मोठं. पण त्या आकड्यानं त्याला बसायला जागा दिली, ते बरंच झालं.

खरी भेट झाली ती सुरात. ब्लूजमध्ये एक गंधार असतो, तो पियानोच्या पट्ट्यांत सापडत नाही. कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठंतरी तो झुलतो. गाणारा तो गळ्यातून काढतो, गिटारवाला तार ओढून काढतो. त्याला ब्लू नोट म्हणतात. त्या रात्री एका गायिकेनं दरबारी मांडला. दरबारीचा गंधार आंदोलित, नेहमीच्या कोमल गंधाराहूनही जरा उतरलेला. ती त्या सुरावर आली आणि हलकेच झुलत थांबली. हार्मोनियमवाल्यानं त्या जागी बोट उचललं, कारण पेटीत तो सूरच नाही. मित्र माझ्याकडं वळला, बोलला काहीच नाही. नुसतं पेटीकडं बोट दाखवलं. मागच्या बाजूच्या सतरंजीवर त्याला वीस वर्षं ऐकलेल्या संगीतातला सूर सापडला होता.

हा पट्ट्यांमधल्या सुरांचा प्रश्न आपल्याच गावाचा आहे, हेही सांगतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींच्या, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांच्या, मोजमापावर 1910 साली पुस्तक काढलं. त्या कामात श्रुती प्रत्यक्ष गळ्यातून काढून दाखवायला त्यांच्याबरोबर अब्दुल करीम खाँच होते.

सभा रात्री. दिवसभर मित्राला घेऊन काय करू?

सतारमेकर गल्लीत जा. दर्ग्यापासून चालत जाता येतं. मिरजेचे शिकलगार पूर्वी तलवारी-भाले बनवायचे, धार लावायचे. संस्थानी लढाया संपल्या, हत्याराचं काम आटलं, तेव्हा 1850 च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यांत हात घातला. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या तेच करताहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

दुकानाच्या माळ्यावर भोपळे लटकलेले दिसतील. खायचे नव्हेत, जाड सालीचे, कडू. ते पंढरपूरच्या बाजूनं येतात. दांडी तुणीच्या लाकडाची. पण बघायची ती जवारी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून झंकार आणणं. आम्ही गेलो तेव्हा एक चाचा तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसले होते. घोडीचा माथा ते कानशीनं घासत होते, दोनदा-तीनदा, अगदी हलक्या हातानं. मग तार चढवायची, छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं. तार ठक्क वाजून गप्प झाली की पुन्हा उतरवायची, पुन्हा घासायची. शेवटी सुताचा एक बारका धागा त्यांनी तारेखाली घातला आणि नखानं केसभर पुढं सरकवला. एकदम तार उघडली. आधीचा कोरडा आवाज गेला आणि मधमाश्यांचं मोहोळ उठावं तसा झंकार खोलीभर पसरला, बराच वेळ पसरत राहिला. मित्रानं विचारलं, धागा नेमका कुठं ठेवायचा हे कसं कळतं? चाचा म्हणाले, "ती सांगते की."

कामात असले तर उगाच खोळंबा करू नका. पण सकाळी अकरा-साडेअकराच्या सुमारास, आदबीनं "बघू का जरा" म्हटलं, तर आम्हाला तरी अजून कोणी नाही म्हटलेलं नाही.

आम्ही मुसलमान नाही. चालतं का?

चालतं म्हणजे काय, उरुसाचा पहिला मानाचा गलेफ (मजारीवर घालायची चादर) चर्मकार समाजाचा असतो. हा मान पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. डोक्यावर रुमाल घ्या, चपला बाहेर काढा, आत ढकलाढकली करू नका. मी आईलाही दोनदा नेलंय. ती मजारीपुढं हात जोडते आणि मांडवात येऊन भिंतीला टेकून बसते.

बरोबर काय न्यावं?

पाठीला उशी किंवा गुंडाळलेली चादर, शाल, पाण्याची बाटली. तारीख थंडीत पडली असेल तर कानटोपी. मोठी पिशवी नको, उरुसाची गर्दी असते.

खाण्यापिण्याचं?

आवाराबाहेर उरुसाची सगळी दुकानं असतात, खाजा, भजी, चहा. पोटभर जेवून बसू नका, झोप येते. आम्ही घरून भडंग नेतो. पण ते खायचं दोन गाण्यांच्या मधल्या वेळात, बाहेर जाऊन. मांडवात कागदाच्या पुडीचा आवाज किती मोठा होतो, हे दरबारीच्या आलापीत कळतं.

सांगलीहून जायचं-यायचं कसं?

अंतर दहा किलोमीटर. संध्याकाळी शहरी बस नाहीतर वडाप (खासगी शेअर गाडी) कधीही मिळतं. रात्री उशिरा मात्र हाल होतात. दुचाकी असेल तर ती दर्ग्यापासून लांबच लावा, जवळच्या बोळांत उरुसात शिरता येत नाही. बाहेरगावचे असाल तर मिरज जंक्शन जवळ आहे. लॉज मात्र आधी ठरवून ठेवा. एका वर्षी मित्राची खोली फोनवर पक्की केली होती. रात्री नऊला गेलो तर ती दुसऱ्याला देऊन टाकलेली, पैसे परत करायलाही खळखळ. तेव्हापासून तो माझ्याकडंच उतरतो.

रात्रभर थांबलंच पाहिजे का? तासभर ऐकून आलो तर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही दीडच्या सुमारास उठलो. बागेश्री झाला होता, चांगला झाला होता. मित्राला सकाळची गाडी होती, मला ड्यूटी होती. मधे एक तरुण सतारिया बसला, तो काही जमेना. तारा सारख्या उतरत होत्या, तो सारखा खुंट्या पिळत होता. मित्र म्हणाला, "निघूया आता." निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी चहाच्या गाड्यावर ओळखीचे एक तबला शिकवणारे गुरुजी भेटले. म्हणाले, "तुम्ही का उठलात? पोरगं नंतर लागलं की हो. तीनला मालकंस असा लागला, की म्हातारे गवई उठून पुढं जाऊन बसले." मी मित्राला फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ गप्पच झाला. मग म्हणाला, "म्हणजे आपण उठलो ते नेमकं त्याची तार लागत असताना."

तेव्हापासून उठत नाही. क्लबात ठरलेल्या वेळेचे दोन-तीन सेट असतात, वाजवणाऱ्याला तेवढ्यात जमवावं लागतं. इथं वेळ असतो. गळा तापायला, तारा बसायला, ऐकणाऱ्यांच्या डोक्यातलं ऑफिस उतरायला वेळ लागतो, आणि हा वेळ द्यायला इथं कोणी कंटाळत नाही.

दुसरं कारण रागांच्या वेळांचं. आपल्या मैफली बहुतेक संध्याकाळी सहा ते दहा, त्यामुळं कानावर यमन, पूरिया, फार तर बागेश्री. मालकंस, दरबारी त्यांच्या खऱ्या प्रहरी ऐकायला मिळत नाहीत. आणि ललत? तो उजाडायच्या आधीचा राग. त्यात दोन्ही मध्यम एकापाठोपाठ एक लागतात, पंचम नसतो. ज्या वर्षी सभा पहाटेपर्यंत चालली, त्या वर्षी एका बुजुर्ग गवयांनी ललत घेतला. मांडवात पन्नास-साठ माणसं उरली होती. कुणी शाल डोक्यावरून घेऊन, कुणी डोळे मिटून. झाडावर पाखरं जागी व्हायला लागली होती. दोन्ही मध्यमांच्या मधे गवई थांबले, आणि तेवढ्यात वर चिवचिव झाली. ते हसले, हात वर झाडाकडं केला, आणि पुढचा सूर लावला. हे तासभर ऐकून येणाऱ्याला कसं मिळणार?

झोप आली तर खुशाल डुलकी काढा. तिथं कोणी रागावत नाही. पण उठून घरी जाऊ नका.

दाद कधी द्यायची? टाळ्या वाजवायच्या का?

जॅझ ऐकणारे प्रत्येक एकल तुकड्यानंतर टाळ्या वाजवतात. मित्रानं पहिल्या वर्षी तसं केलं, चार माणसांनी वळून बघितलं. इथं जागा आवडली की त्याच क्षणी "क्या बात है", "वाह", नाहीतर नुसती मान. टाळ्या शेवटी. मनापासून निघालेला हुंकार कधीच चुकत नाही. शेजाऱ्याला राग समजावून सांगणं मात्र चुकतं. ते चहाला बाहेर गेल्यावर.

मोबाइलवर रेकॉर्ड करू का?

नका करू. हात वर धरला की मागच्याला दिसत नाही, आणि गाणं आपल्याला पडद्यातून ऐकायची सवय लागते.

उरूस चुकला तर?

नवरात्रात मिरजेच्या अंबाबाईच्या देवळात नऊ दिवस संगीत महोत्सव असतो, तोही विनातिकीट. दर्ग्यात हजेरी लावणारे कलावंत तिथंही दिसतात. तोवर घरी खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐका. जेमतेम तीन-तीन मिनिटांच्या आहेत. झिंझोटीची ठुमरी आधी ऐका, दिवे घालवून, कानाला लावून. बारीक, थोडा अनुनासिक आवाज आहे. पहिल्या दोन वेळा विचित्र वाटेल, तिसऱ्यांदा नाही वाटणार.

आणि मित्र मला जॅझ ऐकायला घेऊन जाणार असेल तर?

जा. मी गेलो मुंबईला, त्याच्याबरोबर. छोटी जागा, चार वादक, तिकीट होतं, तो काढू देईना. मला कॉर्ड कळत नाहीत, अजूनही नाहीत. मी नुसता डबल बासवाल्याकडं बघत बसलो, कारण खर्ज त्याच्याकडं होता. एका संथ चिजेत सॅक्सोफोनवाला एका सुरावर आला आणि तो सूर त्यानं किंचित खाली ओढून तसाच झुलवत धरला. माझ्या तोंडून "वाह" निघून गेलं, जरा मोठ्यानंच. शेजारच्या टेबलावरच्यांनी बघितलं. सॅक्सोफोनवाल्यानंही डोळे उघडून बघितलं, आणि तोच सूर परत लावला, आणखी लांब. मित्र टेबलाखालून माझा गुडघा दाबत होता.

रात्री बाराला बँड उठला, दिवे लागले, वेटर बिल घेऊन आला. आम्ही दोघं खुर्चीतच. मित्र म्हणाला, "मिरजेत आत्ता कुठं सुरुवात झाली असती." मग आम्ही चालत चर्चगेटपर्यंत गेलो आणि पहिली लोकल सुटेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिलो.